रीळ क्रमांक सात

सेकेशफेहेरवारला डिसेंबरात चारलाच अंधारतं.
मालाच्या फलाटावर ट्रक उभा, इंजिन चालू,
रात्रीच लिन्झला पोचायचंय त्याला.
आणि पिरोश्का, चष्मा कपाळावर,
सातव्या रिळातली एक पिन
क्ष-किरणांच्या पिस्तुलापुढे धरते,
ताप आलेल्या पोराची जीभ बघावी तशी.

एवढीशी पिन. तांदळाच्या कणीएवढी.
वर कथलाची कल्हई, शुद्ध, असं कागद म्हणतो.
कागद देखणा आहे. शिक्का, सही,
शिसं नाही, पारा नाही, कॅडमियम नाही,
नाही, नाही, एकाखाली एक.
पुरवठादाराच्या कागदामागे त्याच्या पुरवठादाराचा,
त्यामागे आणखी कुणाचा,
आणि सगळ्यांत मागे, जिथे खरोखर हौदात कथील असतं,
तिथून कुणी काहीच लिहिलेलं नाही.
कागदी घोडे फार लांबून येतात.
टापांना माती मात्र नसते.

कायद्याची रेघ: दहा लाखांत एक हजार.
पिस्तूल म्हणतं, एक हजार तीनशे बारा.
पुसून पुन्हा: एक हजार दोनशे नव्वद.
दुसरी पिन: एक हजार तीनशे चाळीस.

(आपण शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिसं नसतं.
ह्या पिनेत नाही म्हणून लिहून आलं, आणि आहे.)

गेलर्ट येतो. वाईट माणूस नव्हे,
गेल्या हिवाळ्यात तिची बंद पडलेली गाडी
त्यानंच ढकलली होती फाटकापर्यंत.
"यंत्रही चुकतं ना थोडं इकडेतिकडे?"
चुकतं. तिनंच शिकवलंय ते त्याला.
"मग आणखी दहा पिना घे.
एखादी हजाराच्या आत येईलच."
येईलही.
चाळीस हजार आहेत, शोधलं की सापडतं.

तिला बोरी नेनी आठवते.
लुत्साच्या रात्री पळीत शिसं वितळवायची,
मुली ओळीनं बसलेल्या,
ते पाण्यात ओतायचं, चर्र,
आणि निघेल त्या आकारावरून
होणाऱ्या नवऱ्याचा धंदा सांगायचा.
पिरोश्काचं निघालं खुरासारखं. लोहार, म्हणाली नेनी.
(मिळाला बसड्रायव्हर. तोही गेला.)
खिडक्या बंद असायच्या थंडीमुळे.
आणि दिवसा, तीस वर्षं,
नेनी रेडिओच्या कारखान्यात डाग द्यायची,
चकचकीत, एकही कोरडा नाही.
शेवटी शेवटी तिला स्वतःचं बटण लावता येईना,
मनगटं खाली लोंबायची ओल्या मोज्यांसारखी.
म्हातारपण, म्हणाले सगळे. ती एकसष्ट वर्षांची होती.
कुणी मोजलं नाही. रेघच नव्हती,
तर ओलांडली कोण म्हणणार?

पिरोश्का लाल चिठ्ठी चिकटवते. रीळ सात.
मग सहा, आठ, नऊ, कारण हौद एकच.
नोंदवहीत: रोखले. तिन्ही आकडे, सरासरी नाही.
वेळ सोळा बावीस.
गेलर्ट ट्रकवाल्याकडे जातो, पाठमोरा,
खांदे वर ओढलेले.
उद्यापासून तो तिला पाण्यात पाहील बहुधा.
पाहू दे.

घरी डोर्का म्हणते, आज लुत्सा ना?
दुकानात हल्ली शिसं ठेवत नाहीत,
पाकिटात कथलाचे छोटे मासे मिळतात.
पळी. वाडगं. चर्र.
निघतं ते कशासारखंच नसतं.
डोर्का ते उलटंसुलटं करते, म्हणते, ट्रक.
"उभा की चालू?"
पण तिचं लक्ष नाही. दोन बोटांचं पिस्तूल करून
तिनं ते त्या गार तुकड्यावर टेकवलंय,
एक डोळा मिटलाय:
"आई, ह्यात किती?"

पिरोश्का उत्तर द्यायला तोंड उघडते,
आणि मग तो तुकडा पुसून
कामाच्या पिशवीत टाकते.
"उद्या सांगते."